मामा-भाचीची पैज: वाकवल्याने वीज होते म्हणे, मग चुंबक पण होते का?

तर्रीबाज

नमस्कार मंडळी. इतवारीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. पंखे, कूलरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, सगळं करतो. सध्या मे महिना, म्हणजे श्वास घ्यायला वेळ नाही, तरी लिहून राहिलो कारण डोक्यात किडा घुसला आहे.

रविवारी भाची आली होती. एमएस्सी फिजिक्स करून राहिली. तिची मामी गॅसपाशी लायटर कटकट करत होती, पेटत नव्हता. मी आपलं सहज म्हटलं की आतला खडा दाबल्या गेला की ठिणगी पडते, आता खडा संपला असेल. त्यावर ती म्हणते, "मामाजी, दाबून वीज व्हायला खास खडा लागतो. पण वाकवलं तर कोणत्याही इन्सुलेटरमध्ये वीज होते. रबरात, काचेत, हाडात पण. आणि काही पदार्थांत तर वाकवल्याने चुंबकपण पण येतं."

पहिलं मी ऐकून घेतलं. दुसऱ्यावर हसलो. चुंबक व्हायला करंट लागते, नाही तर आधीचा चुंबक लागते. नुसतं वाकवून झाला असता तर मी चाळीस वर्षं तार काहून गुंडाळली असती?

तर पैज लागली आहे. हरेल त्याने घरच्या सात जणांना तर्री पोहे. निकाल इथल्या जाणकारांनी द्यायचा. एकच विनंती, मले समजेल असं लिहा. दहावी पास आहे, पण करंट माझ्यापेक्षा जास्त कोणी खाल्ला नसेल.

फुटाळा_किनारी

निकाल काहीही लागो, पोहे कुठे आणि किती वाजता ते टाका.

निवृत्त_मास्तर

तर्रीबाजभाऊ, प्रश्न झकास आहे. पहिला अर्धा भाग आधी संपवतो, कारण त्यात तुमची भाची सरळसरळ बरोबर आहे.

लायटरमधला परिणाम, म्हणजे दाबल्यावर वीज येण्याचा पिझो परिणाम, पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवला. पण तो प्रत्येक स्फटिकात येत नाही. स्फटिकांचे सममितीनुसार ३२ वर्ग पडतात, त्यातल्या २० वर्गांतच दाबल्यावर वीज येते. बाकीच्या बहुतेकांत अणूंची मांडणी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना अगदी आरशासारखी असते. तुम्ही कितीही दाबा, दोन्ही बाजू सारख्याच दबतात. धन आणि ऋण प्रभारांचे मध्य एकमेकांवरच राहतात. पदार्थाला कळतच नाही की वर कोणतं टोक आणि खाली कोणतं.

आता तोच तुकडा वाकवा. बाहेरची बाजू ताणली गेली, आतली दबली. म्हणजे ताण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे बदलत गेला. यालाच स्ट्रेन ग्रेडियंट म्हणतात. वर आणि खाली यांत फरक पडला, आणि तो फरक बाहेरून तुम्हीच केला. मग प्रभार सरकायला दिशा मिळाली. हे फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी. त्यासाठी खास खड्याची गरज नाही, कोणताही विद्युतरोधक चालतो.

नागपुरी उदाहरण देतो. संत्र्याची साल बोटात धरून वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, तिथल्या तेलाच्या पिशव्या फुटतात आणि फवारा समोरच्याच्या डोळ्यात. तीच साल सपाट टेबलावर ठेवून तळव्याने सगळीकडून सारखी दाबली तर ती मजा येत नाही.

पुणेकर_नाइलाजाने

मास्तर, उदाहरण रसाळ आहे पण चुकीचं आहे. संत्र्याची साल मुळातच दोन्ही बाजूंनी सारखी नसते. बाहेर नारिंगी, तेलाच्या पिशव्या असलेली. आत पांढरी, स्पंजासारखी. म्हणजे वर-खालचा फरक वाकवण्याआधीच आहे. तुमचा सगळा मुद्दा तर मुळात फरक नसलेल्या पदार्थाचा होता. खोडरबर घ्या.

अंबाझरी_वॉकर

आमच्या संत्र्यात चूक काढायला पुण्याहून माणूस यावा लागला. बदलीचा अर्ज मंजूर होवो.

निवृत्त_मास्तर

नाही, नाइलाजराव बरोबर बोलताहेत. साल मागे घेतो, खोडरबर ठेवतो. त्याच्यावर उभ्या रेघा मारून वाकवा, बाहेर रेघा फाकतात, आत जवळ येतात. (साल मात्र खाऊन टाकू नका, संत्रा बर्फीला कामी येते असं आमच्या हिचं मत.)

तर्रीबाज

बरं, पहिला अर्धा मान्य. रेघा मारून पाहिल्या. पण मग पट्टी वाकवली तर लाइट लागायला पाहिजे ना? मी कारागिरांची स्टीलची पट्टी सोडून प्लास्टिकची फूटपट्टी वाकवली, मीटर लावला. काटा हालायला तयार नाही.

मीटर_बघून_बोला

काका, काटा हलणार नाही, हिशेब करून दाखवतो.

वाकलेल्या पट्टीतला ग्रेडियंट म्हणजे सरळ एक भागिले वक्रतेची त्रिज्या. फूटपट्टी अर्ध्या मीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखी वाकवली तर ग्रेडियंट २ प्रति मीटर. साध्या पदार्थात याचा गुणांक मोटामोटी एक नॅनोकुलोम प्रति मीटर धरतात. म्हणजे चौरस मीटरला दोन नॅनोकुलोम. तुमची पट्टी तीस बाय तीन सेंटीमीटर. एकूण प्रभार आला सुमारे १८ पिकोकुलोम. तुमच्या अंगातल्या टेरिकॉटच्या शर्टावर याच्या हजारो पट प्रभार असाच साचून राहिलेला असतो. मीटर कुठून दाखवणार?

पण आता पट्टीऐवजी दहा नॅनोमीटर जाडीची फिल्म घ्या. खालच्या आणि वरच्या पृष्ठभागात फक्त एक टक्का ताणाचा फरक असू द्या. ग्रेडियंट झाला दहा लाख प्रति मीटर. पट्टीच्या पाच लाख पट! ताण तोच, जागा कमी. धंतोलीचा उतार आणि पायऱ्या यातला फरक म्हणा. त्यात गुणांक हा पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाबरोबर (विद्युतक्षेत्रात पदार्थातले प्रभार किती सरकतात त्याचं माप) वाढतो, म्हणून बेरियम टायटनेटसारख्या पदार्थांत तो कैक पटींनी मोठा मिळतो. त्यामुळे हा सगळा खेळ नॅनोवाल्यांचा आहे, इतवारीचा नाही.

अंबाझरी_वॉकर

धंतोलीत उतार कुठे आहे बे? सपाट आहे ती.

मीटर_बघून_बोला

सेमिनरी हिल्स वाचा.

गुडघेदुखी_मावशी

मूळ पोस्टमध्ये हाडाचा उल्लेख आहे म्हणून विचारते. माझे गुडघे वाकवले की वीज येत नाही, फक्त कळ येते. हे हाडाचं खरं आहे की पोरीने थाप मारली?

निवृत्त_मास्तर

मावशी, खरं आहे. हाड दाबलं की वीज येते हे १९५७ मध्ये फुकादा आणि यासुदा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, तेव्हापासून सगळे कोलॅजनच्या पिझो गुणाकडे बोट दाखवत. अलीकडे, २०१८ च्या सुमारास, बार्सिलोनाच्या गटाने हाडाची फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी मोजली. बारीक चीर पडते तिच्या टोकाशी ताण फार झपाट्याने बदलतो, म्हणजे ग्रेडियंट प्रचंड. तिथे तयार होणारं विद्युतक्षेत्र दुरुस्ती करणाऱ्या पेशींना खूण देत असावं असा त्यांचा अंदाज. तुमची कळ मात्र वेगळ्या खात्यातली, डॉक्टरांकडे जा.

संचालक

गुडघे, संत्री आणि धंतोलीचा उतार यांसाठी वेगळे धागे काढता येतील. इथे चुंबकाकडे या.

तर्रीबाज

हो ना! मले चुंबकाचं सांगा. पोह्याचे पैसे त्यावर आहेत.

निवृत्त_मास्तर

चुंबकाच्या बाबतीत तुमचा संशय रास्त आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा पुरावा तुम्ही चाळीस वर्षं कानाने ऐकत आहात. ट्रान्सफॉर्मर घूंऽऽ करतो तो आवाज कशाचा?

तर्रीबाज

स्टॅम्पिंगचा. पत्र्या सैल असल्या तर जास्त. पण वार्निश करून, कसून बांधल्या तरी थोडा राहतेच.

निवृत्त_मास्तर

बरोबर. तो थोडा राहतो तो मॅग्नेटोस्ट्रिक्शनचा. लोखंड चुंबकित झालं की किंचित लांबतं, हे जूलने १८४२ मध्येच पाहिलं होतं. आता बघा, लाइन ५० हर्ट्झची. आवाज किती हर्ट्झचा येतो? १००. दुप्पट का? कारण करंट एका दिशेने गेला तरी पत्रा लांबतो आणि उलट्या दिशेने गेला तरी लांबतोच. एका फेऱ्यात दोनदा. पत्र्याला चुंबकत्व किती आहे ते कळतं, कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही.

आता हेच वाक्य उलटं वाचा. ताणाला चुंबकाची दिशा कळत नाही, तर ताण चुंबकाची दिशा ठरवणार कशी? उत्तर की दक्षिण, कौल कोण देणार? वाकवल्यानेही हा पेच सुटत नाही. वाकवणं वर-खाली असा फरक करतं, पण चुंबकत्वाला लागतो तो फरक वेगळ्या जातीचा. वाकलेल्या पट्टीची व्हिडिओ क्लिप उलटी चालवा, पट्टी वाकलेलीच दिसेल. प्रभार सरकलेलाच दिसेल. पण वेटोळ्यातला करंट उलटा फिरलेला दिसेल, म्हणजे चुंबकाची टोकं अदलाबदल. काळ उलटवला की विद्युत ध्रुवण, म्हणजे प्रभारांचं ते सरकणं, तसंच राहतं, चुंबकत्व पलटतं. वाकवण्यात काळाची दिशा नाहीच.

म्हणून तांब्याची, काचेची, खोडरबराची पट्टी कितीही वाकवा, स्थिर ठेवली असेल तर चुंबक होणार नाही. इथे तुम्ही बरोबर.

तर्रीबाज

मंडळी, पोहे जिंकलो!!! १०० हर्ट्झचं मले माहीतच नव्हतं की त्यात एवढं आहे. उद्या दुकानातल्या पोरांना सांगतो.

भट्टीवाली

काका, थांबा. मास्तरांनी गोष्ट अर्धीच सांगितली (मुद्दाम असावं). काचेची पट्टी चुंबक होणार नाही हे खरं, पण तुमच्या भाचीने "काही पदार्थांत" म्हटलं होतं. ज्या पदार्थात चुंबकीय मांडणी आधीपासून आहे, फक्त बेरीज शून्य होते म्हणून बाहेर दिसत नाही, तिथे काळाची दिशा ठरलेलीच आहे. तिथे वाकवण्याला संधी आहे.

मी नागपुरातच पीएचडी करते, बिस्मथ फेराइटवर, म्हणून चार ओळी जास्त लिहिते.

हा पदार्थ एकाच वेळी विद्युत ध्रुवण बाळगतो आणि चुंबकीय शिस्तही. असे दोन्ही गुण एकत्र असणारे पदार्थ फार कमी, कारण ध्रुवणाला सहसा रिकामे डी-ऑर्बिटल (अणूतले इलेक्ट्रॉनचे एका जातीचे कप्पे) हवे असतात आणि चुंबकत्वाला अर्धवट भरलेले. निकोला स्पाल्डिन यांनी २००० साली हाच प्रश्न लेखाचं शीर्षक करून मांडला होता. बिस्मथ फेराइटमध्ये युक्ती अशी की ध्रुवण बिस्मथच्या इलेक्ट्रॉन जोडीमुळे येतं आणि चुंबकत्व लोखंडामुळे. दोन भाडेकरू, एक घर. ध्रुवण सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, चुंबकीय शिस्त ३७० पर्यंत. म्हणजे नागपूरचा मे त्याला गुदगुल्या.

पण लोखंडाच्या अणूंचे चुंबकीय बाण (प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक) शेजारी-शेजारी उलटसुलट असतात, शिवाय ही सगळी मांडणी सायकलच्या चाकासारखी हळूहळू फिरत जाते आणि ६२ नॅनोमीटरवर एक फेरा पुरा होतो. सगळ्यांची बेरीज शून्य. २००३ मध्ये रमेश यांच्या गटाने याची पातळ फिल्म बनवली तेव्हापासून हा पदार्थ प्रसिद्ध झाला. पुढे दिसून आलं की पुरेसा ताण दिला तर हे फिरणं मोडतं.

आता ग्रेडियंट काय करतो? तो ध्रुवणाला ढकलतो, वळवतो. कारण वाकवणं म्हणजे आतून लावलेलं विद्युतक्षेत्रच समजा. २०१२ मध्ये एका गटाने बेरियम टायटनेटच्या फिल्मवर सूक्ष्मदर्शकाची सुई नुसती दाबून, व्होल्टेज न देता, ध्रुवण उलटं करून दाखवलं होतं. कार्बन पेपरवर बॉलपेनने लिहावं तसं. बिस्मथ फेराइटमध्ये ध्रुवण वळलं की चुंबकीय बाण ज्या प्रतलात बसतात ते प्रतलही त्याच्यामागे वळतं. वाकवणं ते ध्रुवण, ध्रुवण ते चुंबकत्व, अशी साखळी.

बाकी माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. गेल्या आठवड्यात ८०० च्या वर भट्टी चालू असताना लाइट गेली. परत आली तोवर जे व्हायचं ते झालं. बिस्मथ आधीच उडून जातं म्हणून आम्ही ते थोडं जास्तच टाकतो, त्यात हे. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांच्या तपासणीत) भलत्याच दोन फेज निघाल्या. गाईड म्हणाले, "चांगलं आहे, पुन्हा कर."

फुटाळा_किनारी

"चांगलं आहे, पुन्हा कर" हे वाक्य प्रत्येक गाईडच्या टेबलाखाली छापून ठेवलेलं असतं.

तर्रीबाज

ताई, लाइट गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. भट्टीचं कॉइल कोणतं आहे? जळलं असेल तर आणून द्या, पैसे नको.

आणि तुम्ही भाचीच्या पार्टीत गेल्या हे लक्षात आलं आहे.

शंकासुर

सगळ्यांचं कौतुक ऐकून झालं असेल तर थोडं थंड पाणी.

एक, फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटीचा विचार जुना आहे. माश्केविच आणि टोलपिगो १९५७, कोगन १९६४, मग टागान्त्सेव. कोगनच्या अंदाजाने गुणांक नॅनोकुलोमच्या आसपास यायला हवा. २००० नंतर मा आणि क्रॉस यांनी सिरॅमिकच्या पट्ट्या वाकवून मोजलं तर मायक्रोकुलोममध्ये आकडे आले. हजारो पट. सगळंच वाकवण्यामुळे की पृष्ठभागाचे, दोषांचे, अडकलेल्या प्रभारांचे परिणाम त्यात मिसळलेले, यावर वाद आहे. पृष्ठभागावर मध्यबिंदूची सममिती तशीही मोडलेलीच असते, ते वेगळं काढणं महाकठीण.

दोन, फिल्ममध्ये ताण बदलतो तिथे बहुतेकदा ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही बदलत जातात. त्या चुंबकत्व बदलतात. मग श्रेय ग्रेडियंटला द्यायचं की घाणीला?

तीन, वीज आणि चुंबक जोडायला ग्रेडियंटच हवा असंही नाही. क्रोमियम ऑक्साइडमध्ये विद्युतक्षेत्र लावलं की चुंबकत्व येतं, हे द्झ्यालोशिन्स्कीने १९५९ मध्ये भाकीत केलं आणि अस्त्रोवने पुढच्याच वर्षी मोजलं. वाकवायची गरज पडली नाही.

भट्टीवाली

दुसऱ्या मुद्द्यावर पूर्ण सहमत, माझ्या थिसिसमध्ये त्यावर एक आख्खं प्रकरण रडगाणं आहे. पण क्रोमियम ऑक्साइड तुम्हीच आणलं ते बरं केलं.

मँगनीजवाला

तुमसरहून लिहितो. फिरणाऱ्या बाणांची गोष्ट निघाली म्हणून. आमच्याकडे डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड निघतं, बॅटरीत जातं. त्यातसुद्धा मँगनीजचे बाण असे गोल फिरत जातात असं वाचलं. योशिमोरी नावाच्या जपानी माणसाने १९५९ मध्ये सांगितलं. आणि २००३ मध्ये टर्बियम मँगनाइटमध्ये अशा फिरण्यामुळेच वीज येते असं किमुरा यांच्या गटाला दिसलं. मग आमच्या खाणीतल्या दगडातही वीज येत असेल का? भाव वाढेल का?

निवृत्त_मास्तर

वा, वाचन दांडगं. इथे ताणाऐवजी बाणांच्या दिशेचाच ग्रेडियंट आहे, पण तर्क तोच: जागोजागी बदलणारी गोष्ट वर-खालचा फरक करते. लिक्विड क्रिस्टलमध्ये हाच विचार मेयरने १९६९ मध्ये मांडला होता, आणि रशियातल्या झ्वेझदिन आणि प्याताकोव्ह यांनी बिस्मथ फेराइटसाठी त्याला फ्लेक्सोमॅग्नेटोइलेक्ट्रिक असं लांबलचक नाव दिलं.

पण फिरण्याफिरण्यात फरक आहे. टर्बियम मँगनाइटमध्ये बाण चाकासारखे फिरतात, म्हणजे ज्या दिशेने पुढे जातात त्याच प्रतलात. तुमच्या खाणीतल्या ऑक्साइडमध्ये ते स्क्रूच्या आट्यांसारखे फिरतात, आडव्या प्रतलात. अशा स्क्रूमधून या मार्गाने ध्रुवण निघत नाही. शिवाय हे फिरणं सुरू व्हायला साधारण ९२ केल्विन, म्हणजे शून्याखाली १८१ अंश लागतात. किमुरांच्या पदार्थाला तर २८ केल्विन. तुमसरला एवढी थंडी पडल्याचं ऐकिवात नाही. भाव आहे तोच राहील.

मँगनीजवाला

जाऊ द्या. बॅटरीच बरी.

पुणेकर_नाइलाजाने

एक भाषिक शंका. शालेय पुस्तकात स्ट्रेनला "विकृती" म्हणतात. म्हणजे स्ट्रेन ग्रेडियंट झाला "विकृतीची प्रवणता". भट्टीवाली ताई मराठीत प्रबंध लिहिणार असतील तर मुखपृष्ठावर जपून.

भट्टीवाली

"फेरोइक पदार्थांतील विकृतीच्या प्रवणतेचा अभ्यास." लग्नाच्या बायोडेटात टाकते, बघू किती स्थळं येतात.

तर्रीबाज

शंकासुरभाऊ, तुम्ही ते क्रोमियम ऑक्साइड म्हणाले ना, मी दुकानात बसून शोधलं. हे तर ते हिरवं! स्टीलला चकाकी आणायला बफिंगच्या चाकावर जो हिरवा गोळा घासतात, त्यात असते. आमच्या शेजारच्या पॉलिशवाल्याकडे ढीग पडला आहे.

आणि दुसरी गोष्ट सापडली. त्याची ती चुंबकीय शिस्त कुठपर्यंत टिकते? ३०७ केल्विन. २७३ वजा केले. ३४ अंश! मंडळी, आज इतवारीत ४५ आहे. कूलरसमोर बसलो तरी ३४ होत नाही. म्हणजे हा पदार्थ नागपुरात मार्च ते जून बंद. दुकानाला कुलूप. भाचीचा "काही पदार्थ" जर हाच असेल तर पैज मी जिंकलो, निदान उन्हाळ्यापुरती. डिसेंबरमध्ये पुन्हा या.

अंबाझरी_वॉकर

हा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे. उन्हामुळे भौतिकशास्त्राला सुट्टी.

शंकासुर

हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. तर्रीबाजांना पूर्ण गुण.

संत्रासाल

मामाजी, मी तुमची भाची. मामींनी लिंक पाठवली. सगळं वाचलं. तीन दिवसांत तुम्ही सममिती, काळ उलटवणं आणि नील तापमान (चुंबकीय शिस्त मोडण्याचं तापमान) शिकलात, आणि मला म्हणता "गप बस"!

आता माझी बाजू. मी जे "काही पदार्थ" म्हटलं ते क्रोमियम ऑक्साइडच होतं. आणि तुमचं ३४ अंशाचं गणित साध्या, मोठ्या तुकड्यासाठी बरोबर आहे. पण २०२२ मध्ये त्याच्या ५० नॅनोमीटर जाडीच्या फिल्मवर काम प्रसिद्ध झालं. त्या फिल्ममध्ये ताण खालून वर बदलत जातो. त्यामुळे शिस्त मोडण्याचं तापमानही प्रत्येक थराला वेगळं झालं. एका थराची शिस्त ढिली, दुसऱ्याची अजून कडक. आता भट्टीवाली ताईंची शून्य बेरीज आठवा. शेजारी-शेजारी उलट बाण, एकाचं देणं दुसऱ्याचं घेणं, खातं बरोबर. पण थराथरात बाणांची ताकदच वेगळी झाली तर खातं जुळत नाही, थोडी बाकी उरते. ती बाकी म्हणजे चुंबकत्व. फ्लेक्सोमॅग्नेटिझम. ग्रेडियंटमुळेच.

आणि मामाजी, अशा फिल्ममध्ये शिस्त किती अंशांपर्यंत टिकू शकते? १०० अंश सेल्सिअस. इतवारीत ४५ असू द्या, ४७ असू द्या. तुमचं कुलूप ग्रेडियंटनेच तोडलं.

ठिकाण मी सांगते, वेळ तुम्ही सांगा.

फुटाळा_किनारी

🔥🔥 सात प्लेट.

तर्रीबाज

एक मिनिट. हरायला मी तयार आहे, पण चुकीचं हरणार नाही. तू म्हटलं होतं "वाकवल्याने". ही फिल्म कोणी वाकवली? ती तर कशावर तरी चिकटवलेली, सरळच आहे ना?

पुणेकर_नाइलाजाने

मुद्दा बिनतोड आहे. फिल्म नीलमणीच्या जातीच्या स्फटिकावर वाढवलेली असते. दोघांच्या अणूंमधली अंतरं जुळत नाहीत म्हणून ताण येतो, आणि वर जाताना तो सैल होत जातो. वाकवलं कोणीच नाही. पैजेचा शब्द "वाकवणं" होता.

भट्टीवाली

पण पदार्थाला कुठे कळतं की ग्रेडियंट हाताने आला की जुळणी चुकल्याने? त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. शिवाय खरोखर वाकवायचंच असेल तर तेही होतं आता. फिल्मखाली पाण्यात विरघळणारा थर ठेवतात, तो विरघळवला की फिल्म सुटी. अशी बेरियम टायटनेटची सुटी फिल्म १८० अंश दुमडून परत सरळ झाल्याचं २०१९ मध्ये दाखवलं आहे. एरवी कपबशीसारखा ठिसूळ पदार्थ, आणि पोळीसारखा दुमडला.

संत्रासाल

"वाकवल्याने" म्हटलं हे खरं. लायटरपाशी उभं राहून "ताणाच्या प्रवणतेमुळे" म्हटलं असतं तर तुम्ही पोळी फेकून मारली असती. तेवढी चूक कबूल.

निवृत्त_मास्तर

निकाल मागितला होता म्हणून देतो. विजेचं: भाची. कोणत्याही पदार्थात चुंबकाचं: मामा. काही पदार्थांत चुंबकाचं: भाची, पण शब्दात ढिलाई. उन्हाचा मुद्दा: मामाला विशेष उल्लेख, पण टिकला नाही. तेव्हा पोहे मामांनी द्यावेत आणि तर्रीचे पैसे भाचीने.

तर्रीबाज

मास्तरांचा निकाल शिरोधार्य. रविवारी सकाळी साडेसात, ऊन व्हायच्या आधी. मास्तर, तुम्ही पण या. भट्टीवाली ताई, तुम्ही कॉइल घेऊन या, तिथेच पाहून देतो. म्हणजे नऊ प्लेट.

पोरी, एक राहिलं. त्या लायटरमधला खडा संपला नव्हता. मी उघडून पाहिला. हातोडीची स्प्रिंग सैल होती, ठोका बसत नव्हता. ताणून बसवली, पेटला.

कूलर_गरम_हवा

धागा खूप छान. तर्रीबाज काका, अर्ध्या एचपीच्या मोटरचं वाइंडिंग किती घेता? जळकट वास येऊन राहिला दोन दिवसांपासून.

तर्रीबाज

आधी बंद करा ती! मग बोलू.